नागवेकरकाका आणि दारूकामाचा किडा

नागवेकरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं तारीख टाकत, मग चपला काढत आणि मग विचारत, "घरात कुणाला ताप?"

नाही म्हटलं की "बरं, बरं" म्हणत, पण चेहरा किंचित उतरे. हिवताप खात्यात त्यांची बत्तीस वर्षं अशीच घरोघर फिरण्यात गेली होती. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, चौकटीवर तारीख लिहायची आणि पुढच्या घरी जायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी पेन्सिल खिशातून गेली नव्हती. आमच्या सोसायटीचं रंगकाम निघालं तेव्हा माझी चौकट बघून रंगारी म्हणाला, "मॅडम, दारावर पोरांचा अभ्यास घेता की काय?"

मी तेव्हा नवीन पनवेलमध्ये तळमजल्यावरच्या एका गाळ्यात संगणकाचा वर्ग चालवायची. चार संगणक, एक फोन आणि ईमेल पाठवायची सोय. समोर मोकळे प्लॉट होते. दुपारी तिथे म्हशी बसत आणि म्हशींवर बगळे बसत. खाडीवरून खारट, जड वारा यायचा आणि सगळ्या सेक्टरला एकदम झोप लागायची. त्या झोपेत जागे असे दोघेच, मी आणि नागवेकरकाका.

ते दर गुरुवारी तीनच्या ठोक्याला येत आणि खिडकीजवळच्या संगणकावर एका बोटानं पत्र लिहीत. मराठी अक्षरं तेव्हा ईमेलमध्ये उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. सुरुवात ठरलेली : "जावक क्रमांक एक्केचाळीस. विषय : तब्येत." मग, "इकडे सर्व ठीक. डास वाढले आहेत. तुझी तब्येत कळव." संपलं पत्र. एवढ्याला त्यांना पाऊण तास लागे.

"कुणाला हो?" मी एकदा विचारलं.

"वाईला आमच्या बाई असतात," ते म्हणाले.

शाळेतली कुणी ओळखीची बाई असेल असं समजून मी तो विषय सोडून दिला.

त्या वर्षी सगळ्यांना नव्या शतकाची घाई झाली होती. एका दुपारी वर्गातल्या एका मुलीला तिच्या मावसभावाची मेल आली, सोबत एक फाईल. तिनं ती उघडली आणि पडद्यावर एक छोटी चौकट आली. आत काळंभोर आकाश होतं, आणि त्यात दारूकाम. लाल, हिरवी, निळी फुलं फुटत होती आणि विरघळून खाली येत होती. आवाज अजिबात नाही. बाहेर रणरणतं ऊन, आत ती मुकी दिवाळी, आणि आम्ही पाच-सहा जण तोंड उघडं टाकून बघतोय. वीज गेली तेव्हा कुठे भानावर आलो.

चार दिवसांनी एका ओळखीच्या वकिलांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही हल्ली प्रत्येक पत्र दोनदा का पाठवता? एकात मजकूर आणि दुसऱ्यात नुसतं दारूकाम?"

मी चार ठिकाणी फोन करून चौकशी केली. ते दारूकाम म्हणजे संगणकातला किडा होता. ती फाईल उघडली की किडा संगणकात घर करायचा आणि आपण पाठवलेल्या प्रत्येक पत्रामागून आपल्याच नावानं दुसरं पत्र पाठवायचा, आत स्वतः बसून. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, आणि घेणारा ओळखीच्या माणसाची भेट म्हणून हौसेनं उघडायचा.

काढायची रीत मी शोधून काढली. फार अवघड नव्हती. संगणक साध्या काळ्या पडद्यावर सुरू करायचा, किड्याच्या फायली पुसायच्या, आणि त्यानं बाजूला सारलेली मूळची चांगली फाईल परत जागेवर आणायची. सोमवारी मी चारही संगणक साफ केले. बुधवारी किडा परत हजर. कारण मुलांनी ते दारूकाम फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं होतं, आणि एकमेकांना दाखवायला आणत होती. किड्याला चालायची गरजच नव्हती, माणसं त्याला कौतुकानं कडेवर घेऊन हिंडत होती.

गुरुवारी काका आले तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळे चमकले.

"मॅडम, तुम्ही रोगी बरा करताय. साथ तशीच आहे."

त्यांनी बाह्या सारल्या. पहिला हुकूम, फोनची तार काढा. दुसरा, सगळ्या फ्लॉप्या या डब्यात जमा, घरी नेलेल्यासुद्धा. एक मुलगा "माझ्याकडे नाहीये" म्हणाला तर काका त्याच्याकडे इतक्या प्रेमानं बघत राहिले की त्यानं दप्तरातून तीन काढून दिल्या. मग एकाच दिवसात चारही संगणक आणि सगळ्या फ्लॉप्या साफ झाल्या. काकांनी प्रत्येक संगणकावर पेन्सिलीनं तारीख टाकली.

साफ करताना मला किड्याची आणखी एक फाईल सापडली. ज्यांना ज्यांना त्यानं स्वतःला पाठवलं होतं, त्या सगळ्यांचे पत्ते त्यात ओळीनं लिहिलेले.

"किडा रजिस्टर ठेवतो?" काका खुर्चीतून उठलेच. "अहो, आमच्या खात्यात माणसं ठेवत नव्हती!"

एकूण एकोणीस पत्ते होते. काकांनी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. फोन करून काम भागलं असतं, पण काकांना ते मंजूर नव्हतं. "फोनवर कुणी ताप कबूल करत नाही." मग माझ्या लुनावर मागे बसून ते पनवेलभर फिरले.

यादीतल्या बामा पाटलांकडे विचुंब्याला गेलो. नव्या शहरासाठी जमीन दिल्यावर आलेल्या पैशांत त्यांनी नवं घर बांधलं होतं. दिवाणखान्यात संगणक होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण. काकांनी चौकटीवर तारीख टाकली आणि किड्याचं सांगितलं.

"किडा नाय ओ, दिवाली हाय ती," पाटील म्हणाले. "म्हातारी रोज बगते. आमी नाय काडनार."

"आजींना दिवाळी दिसते, पण तुमच्या नावानं गावभर रोग जातोय."

"आमच्या नावानं?" पाटील चपापले. "मंग काडा बाबा. पन म्हातारीला तुमीच सांगा."

काका आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले ते चहा पिऊन आणि म्हातारीच्या गुडघ्यांची सगळी हकिकत ऐकून.

शेवटी एकच पत्ता उरला. वाईचा. त्या नावापुढे काकांची पेन्सिल थांबली.

"तुमच्या बाईंना मी मेल करते," मी म्हटलं.

"नको. मी जातो." वही मिटत म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या घरातल्या. तिची नोकरी वाईच्या शाळेत. माझ्या बदल्या धरमतर, पेण, मुरबाड, पनवेल. वर्षातून दोनदा भेट. दोघं निवृत्त झालो तर आता एकत्र राहायचं कसं तेच कळेना. भांडण नाही हो, सवयच मोडली. भाच्यानं तिला जुना संगणक दिला, म्हणून निदान पत्र तरी."

किडा काढायची कृती मी कागदावर क्रमानं लिहून दिली. शुक्रवारी सकाळी काका एसटीनं गेले. माझ्या हिशेबानं काम पंधरा मिनिटांचं होतं. काका आले ते बुधवारी.

"काढला?"

ते खिडकीजवळ बसले. समोर बगळे उठून पुन्हा बसले.

"दार उघडल्या उघडल्या म्हणाली, 'अहो, दारूकाम पोचलं.' मी काही बोलायच्या आत मला खुर्चीवर बसवलं. दिवेलागणीला रोज लावते म्हणे. म्हणाली, 'इतक्या वर्षांत तुम्ही मनीऑर्डरी पाठवल्यात, गोळ्या पाठवल्यात, मच्छरदाणी पाठवलीत. पण तब्येतीचा विषय नाही असं हे पहिलंच पत्र.'"

"मग?"

"मग काय. दोघं बघत बसलो. छान असतं हो ते. मी आधी नीट बघितलंच नव्हतं."

"म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? पाठवणारा मी नव्हे, किडा?"

"पण काका, त्या जितकी पत्रं पाठवतील तितक्यांदा..."

काकांनी पिशवीतून नीट गुंडाळलेली फोनची तार काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही काढून आणली. आता तो तिथंच राहील. बाहेर कुणाला चावणार नाही."

मला हसू आलं, पण आवरलं. "आणि तुमची पत्रं?"

"ती आता कशी जाणार!" काका म्हणाले. बोलता बोलता ते उठलेसुद्धा होते. "उद्या साडेसहाची गाडी आहे. पनवेलचे वाल घेऊन या म्हणाली आहे, बिरड्याचे. बाजार बंद व्हायच्या आत दोन किलो घ्यायला हवेत."

"दोन किलो? एका माणसाला?"

"एका कुठे," नागवेकरकाका म्हणाले.