धोंडप्पाचं पाणी पास झालं

"पाणी नापास करायचं काम माज्यावर सोडा," असं धोंडप्पानं भर ग्रामसभेत छातीवर हात मारून सांगितलं, तेव्हाच बोरवाडीनं सावध व्हायला हवं होतं. धोंडप्पानं अंगावर घेतलेलं काम आजवर तडीला गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पण त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, कारण काम अवघड दिसतच नव्हतं. बोरवाडीचं पाणी मुळातच नापास.

हे गाव कुंभारीच्या पुढं, माळाला लागून. ओढ्याच्या वरच्या अंगाला टॉवेल रंगवायचे कारखाने. टॉवेल लाल असले की ओढा लाल, निळे असले की ओढा निळा. तेच पाणी मुरून बोअरला उतरायचं. मग चहा नासायचा, डाळ शिजता शिजायची नाही आणि गावातल्या पोरांचे दात उगवतानाच पिवळे उगवायचे. अशात फिल्टर प्लांट मंजूर झाला, पण एकच. बोरवाडीला की शेजारच्या माळवाडीला? ज्याच्या पाण्यात जास्त घाण, त्याला. म्हणजे बोरवाडीनं नापास होणं म्हणजेच पास होणं, एवढा साधा हिशेब होता.

नमुने घ्यायला सोलापूरच्या प्रयोगशाळेतनं बुद्धप्रिया मॅडम आल्या. बाई कामाला चोख. धोंडप्पा त्यांना गावातल्या सगळ्यात भिकार बोअरवर घेऊन गेला.

"हितनं घ्या मॅडम. ह्याच्यापेक्षा वंगाळ पाणी तुमाला तालुक्यात घावणार न्हाय." खिलारी बैलजोडी दाखवतानाही कुणी इतकी मान ताठ करत नसेल.

"ते मशीन ठरवेल काका. तुम्ही जरा बाजूला व्हा."

मॅडमनी बोअरचं पाणी बाटलीत घेतलं, ओढ्याचं दुसऱ्या बाटलीत घेतलं आणि ओढ्याच्या तळाचा काळा गाळ एका बरणीत भरला.

"गाळ कशापायी?"

"पाणी वाहून जातं काका, केमिकल तळाला बसतं. पाणी एखादेवेळी फसवेल, गाळ नाही फसवणार."

"मग दोन बरण्या न्या की," धोंडप्पा म्हणाला. त्याला आता गाळाचं फार प्रेम आलं होतं.

ऊन मी म्हणत होतं. धोंडप्पानं मॅडमना आग्रहानं घरी जेवायला नेलं. बाटल्या आणि बरणी ठेवलेली बर्फाची पेटी ओसरीवर ठेवली. जेवण झाल्यावर बाटल्या सील करू, असं मॅडम म्हणाल्या. पेटीला कुलूप नव्हतं. गढूळ पाणी कोण चोरतंय?

आता धोंडप्पाची एक बारीकशी चूक झाली होती. ग्रामसभेतलं राजकारण बायकोला सांगायचं नाही, हा त्याचा बाणा. त्यामुळं प्लांटचं गिरिजाबाईला काडीचंही ठाऊक नव्हतं. आणि तिच्या दारातनं गेलेला माणूस शेंगाचटणीची पुडी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मात्र पंचक्रोशीला ठाऊक होतं.

मॅडम कडक भाकरी मोडत बसल्या आणि गिरिजाबाई ताक आणायला म्हणून उठली. जेवण होईतो एसटीची वेळ झाली, मॅडमनी घाईघाईनं झाकणांवर सील चिकटवलं आणि पेटी उचलली.

महिन्यानं रिपोर्ट आला. पाणी उत्तम, जिल्ह्यात पहिलं. गाळात रसायनाचा मागमूस नाही, मात्र तुळशीच्या मंजिऱ्या भरपूर. प्लांट माळवाडीला.

धोंडप्पानं रिपोर्ट वाचला आणि मान सावकाश अंगणातल्या तुळशीकडं वळवली. वृंदावनातली माती चांगली वीतभर खाली गेलेली होती.

"अगं, काय केलंस हे?"

"काय केलं म्हंजे? सोलापूरची पाव्हणी आपल्या दारातनं चिखल आन् गटाराचं पाणी घिऊन जाणार व्हय? पाव्हण्यांसाटनं इकत आणतो त्या जारमधलं पाणी भरलं, तुळशीची माती घातली. उलट आबार माना की."

धोंडप्पानं रिपोर्टाची घडी करून खिशात घातली. मग त्यानं तिला प्लांटची सगळी कथा सांगितली. गिरिजाबाईचा चेहरा उतरला. "आदी सांगायचं न्हाय व्हय?" एवढंच ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. तिच्या नातवाचेही दात पिवळेच होते.

बायकोनं पाणी बदललं, हे गावात सांगायची सोय नव्हती. तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण धोंडप्पा हरणारा नव्हता. 'शुद्ध पाण्याचं गाव' म्हणून सत्कार करायला मोठे साहेब येणार होते. त्यांना स्टेजवरच बोअरचं पाणी पाजायचं. एक घोट गेला की साहेबांचं तोंडच रिपोर्ट देईल.

"या बारीला बोअरचंच पाणी आण," त्यानं गिरिजाबाईला बजावलं. "तुला नातवाची शपथ हाय."

"बरं," गिरिजाबाई म्हणाली.

मंडपात सगळं गाव जमलं. माळवाडीचे लोकही शेजारचं नामांकित पाणी बघायला आले होते. शाल झाली, नारळ झाला. धोंडप्पा माईकवर म्हणाला, "सायबांनी आमच्या गावचं पाणी चाखल्याबिगर आमाला हा मान नको."

"प्याच साहेब," बुद्धप्रिया मॅडमही म्हणाल्या. त्या मंजिऱ्या त्यांच्या डोक्यातनं अजून गेलेल्या नव्हत्या.

साहेबांनी पेला तोंडाला लावला. धोंडप्पा साहेबांच्या तोंडाकडं डोळे लावून पुढं सरकला. साहेबांनी पेला एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.

धोंडप्पानं तांब्या हिसकावून घोट घेतला. पाणी गारेगार होतं, गोड होतं आणि वर वाळ्याचा वास होता.

बायकांच्या घोळक्यात गिरिजाबाई पदराशी चाळा करत उभी होती. तो तिच्याजवळ जाऊन पुटपुटला, "शपथ घातलती की गं."

"बोअरचंच आणलं वो," ती रडवेली झाली. "स्टेजच्या पायरीपतुर आणलं. पर चारचौघांत, गावच्या पाव्हण्याला, ते पाणी... हातच उचलंना. वतून टाकलं आन् वाळा घातलेलं जारचं भरलं. तुमी मला घराभायेर काढा."

धोंडप्पाला राग यायला हवा होता, पण आला नाही. लग्नाच्या बोलणीला तो स्वतः या बाईच्या हातचं पाणी पिऊनच हो म्हणाला होता.

तेवढ्यात साहेबांनी माईक घेतला. "इतकं गोड पाणी आख्ख्या जिल्ह्यात नाही. मग माळवाडीला प्लांट तरी कशाला? तो रद्द करू. बोरवाडीच्या याच बोअरवरून माळवाडीला थेट पाईपलाईन टाकून देतो."

माळवाडीकरांच्या टाळ्यांनी मंडप दणाणला. माळवाडीच्या सरपंचानं धोंडप्पाला उचलूनच घेतलं.

खाली उतरल्यावर गिरिजाबाईनं त्याची बाही ओढली. आता तिच्या तोंडावर खरीच काळजी होती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "सगळ्या माळवाडीला पुरतील एवढे जार आणायचे कुटनं?"