झोळीला घोंगडीचं अस्तर

शेफाली मॅडमचा निरोप शुक्रवारी सकाळी आला. ‘उद्या सकाळीच पोचतेय. पण या वेळी पाठ गारठली तर पुन्हा तुमचं नाव काढणार नाही.’

स्वरूपने मोबाईल आईसमोर धरला. मंगल भाकरी थापत होती. तिने मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाली, “म्हंजे पाव्हण्याच्या पाठीची जबाबदारी बी आपलीच व्हय?”

जबाबदारी होतीच. गुंजवण्याच्या वर डोंगरात त्यांची धनगरवस्ती. वडील मेंढरं घेऊन देशावर उतरलेले. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेल्या स्वरूपने वस्तीच्या खालच्या अंगाला, दोन जांभळींच्या मधे, गडावर जाणाऱ्यांसाठी मुक्कामाची सोय काढली होती. झाडाला बांधायची एक नायलॉनची झोळी आणून टांगली होती. तिला तो हॅमॉक म्हणायचा आणि बाकी सगळे झोळीच म्हणायचे. वाटेवर एका बांबूला खिळे ठोकून पाटी लावली होती : ‘ऊबदार मुक्काम. सुस्वागतम.’

पाटीतला पहिला शब्द खोटा निघाला होता. मागच्या खेपेला शेफाली मॅडम झोळीत झोपल्या आणि उरलेली रात्र खाली रस्त्यावरच्या गाडीत काढून उजाडायच्या आत निघून गेल्या. त्या पुण्याहून गड चढणाऱ्यांचे गट आणायच्या. त्यांचं मन बसलं असतं तर दर शनिवारी माणसं आली असती. नाहीतर मामाने शिरवळच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवलाच होता आणि सोमवारी रात्रपाळीला हजर व्हायचं होतं. डोंगर सोडायचं स्वरूपच्या जिवावर आलं होतं.

“ऊब कापडात नसते, आई,” तो म्हणाला. “कापडात अडकलेल्या हवेत असते. झोळीत पाठीखालची स्लीपिंग बॅग माणसाच्या वजनाने चपटी होते. हवा निघून जाते, आणि खालून वारा लागतो.”

“मग हवाच शिवून टाक की.”

स्वरूप ताडकन उठला. तेच तर करायचं होतं! झोळीला आतून असं अस्तर लावायचं, की जे दाबलं तरी चपटं होणार नाही. तसं जाड, राठ, फुगीरपणा न सोडणारं कापड घरात एकच होतं आणि त्यावर आबा बसले होते.

हैबती आबा म्हणजे स्वरूपचे आजोबा. कानाने कमी, आवाजाने भरपूर.

“माझं घोंगडं कापनार?”

“कापणार नाही, आबा. नुसतं कडेनं टाचणार.”

“त्या माकडाच्या झोळीला?”

“हो.”

आबांनी घोंगडीवरून हात फिरवला. मग काठी उचलली आणि ती स्वरूपच्या छातीवर टेकवली. “घे. पर वस्तीची रीत म्हायती हाय न्हवं? नवं आंथरून शिवलं, की पयल्यांदा घरातलं वडील मानूस त्यात निजतं. मग तुजं पाव्हणं.”

स्वरूपला हे बरंच वाटलं. नाहीतरी आत माणूस घालून थर्मामीटर लावून बघायचंच होतं.

मंगलने दिवसभर बसून अस्तर लावलं. लोकर दबू नये म्हणून टाके फक्त कडेने घेतले. घोंगडी टोचते, म्हणून तिच्यावर स्वतःचं एक जुनं मऊ पातळ घातलं. झोळीच्या दोन्ही बाजू वरून एकमेकींवर याव्यात म्हणून नाडीचे बंद लावले. उशीच्या अभ्र्याला लावते तसे, बाहेरून. आतल्या माणसाने ते सोडायचे कसे, हा प्रश्न स्वरूपला पडला होता. पण तोवर तिने शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला होता.

शनिवारी सकाळी दरीतून बोचरं वारं चढत होतं. आबा जांभळीखाली आले. पायताण काढलं, पटका काढून दगडावर ठेवला, काठी खोडाला टेकवली. स्वरूपने आणि मंगलने दोन्हीकडून धरून त्यांना झोळीत बसवलं, आडवं केलं. स्वरूपने पाठीजवळ थर्मामीटर सरकवला. मंगलने एकेक बंद आवळला.

“नाक उघडं ठिव गं, मंगल!”

“ठिवलंय, आबा!”

थोड्याच वेळात झोळीतून घोरणं ऐकू यायला लागलं. मंगल गवताला गेली. स्वरूप मोटारसायकल घेऊन विंझरला निघाला. अंडी-पाव आणायचे होते आणि मॅडमची गाडी मागच्या वेळी रस्ता चुकली होती, म्हणून त्यांना तिथूनच घेऊन यायचं होतं. सगळं कसं आखल्यासारखं चाललं होतं.

मग वरच्या वाटेने पलीकडच्या वाडीचे गोरख आणि सोनबा दुधाच्या किटल्या घेऊन उतरले.

वस्तीपर्यंत चारचाकी येत नाही. वर कुणी आजारी पडलं, की त्याला झोळीत घालून, झोळी बांबूला लावून खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. उचलणारे दमले, की झोळी दोन झाडांना टांगून विसावा घेतात. आणि वाटेत जो भेटेल त्याने काही न विचारता खांदा द्यायचा, हे तिथे शिकवावं लागत नाही. त्यामुळे दोन झाडांच्या मधे माणूस असलेली झोळी लटकताना दिसली, तर तिचा अर्थ डोंगरात एकच होतो.

“सोनबा, ही आबांची काठी न्हवं?” गोरख थांबला.

“आन् ह्यो पटका.”

हैबती आबांना बिनपटक्याचं घराबाहेर कुणीच बघितलं नव्हतं.

“उचलनारं गाडी बघाया गेलं आसतील.” गोरखने झोळीला कान लावला. “आबा! वळखलं का?”

“हूं,” आतून आलं.

“सुद्द हाय थोडी. चल, येळ घालवू नगं. बांबू बघ.”

बांबू जवळच रोवलेला होता. सोनबाने तो उपटला. पाटी निघेना, खिळे पक्के होते. तिच्यासकट बांबू खांद्यावर आला, किटल्या जांभळीखाली राहिल्या आणि आबा वाटेला लागले.

पहिल्या उताराला आबा जागे झाले. डोळ्यांपुढे मंगलचं पातळ, अंगाला हेलकावे. त्यांना वाटलं, नातू झोका देतोय. ते जरा सुखावले. पण झोका थांबेना, उलट वाढतच गेला.

“पुरं, पोरा!” ते आतून ओरडले.

“बरळाय लागलं,” सोनबा म्हणाला. “पाय उचल.”

“आरं, हळू!”

“जास्त झालंय. पळ!”

“सोडा मला! सोडा म्हंतो न्हवं!”

गोरखच्या डोळ्यांत पाणी आलं. “आबा, आसं नगा बोलू! लई दिस हाईत तुमचं अजून!”

गुंजवण्यात एस.टी. थांबते तिथे त्यांनी झोळी पाराच्या कठड्यावर टेकवली, तेव्हा माणसं आधीच जमली होती. पाटी वरच होती. ‘ऊबदार मुक्काम. सुस्वागतम.’ हसू मात्र कुणाला आलं नाही.

वस्तीवरून लेकीकडे आलेली धोंडाबाई पुढे झाली. आबांच्या बरोबरीची, कुणाचं ऐकून न घेणारी. तिने झोळीच्या फटीतून हात घातला आणि चटकन मागे घेतला.

“आगं बया! आंग भाजतंय! ताप हाय!”

“धोंडे, बंद सोड,” झोळी म्हणाली.

“ऐकलं का? तापात मला नावानं हाका मारतोय. बंद सोडू नका कुनी! वारं लागंल!” आणि आपलं लुगड्याचं पटकूर तिने झोळीवर आणखी एक घातलं.

गोरखने स्वरूपला फोन लावला.

स्वरूप विंझरला दुकानासमोर शेफाली मॅडमना सांगत होता, “या वेळी खास अस्तर लावलंय, मॅडम. तुम्ही फक्त माझ्या मागे या.” तेवढ्यात फोन वाजला.

“आबांना झोळीतनं खाली आणलंय. ताप लई हाय. तू ये,” एवढंच गोरख म्हणाला.

अंडी काउंटरवरच राहिली. स्वरूपने मोटारसायकल अशी सोडली, की मॅडमच्या गाडीला त्याला गाठता गाठता नाकी नऊ आले. सकाळच्या गार वाऱ्यात म्हाताऱ्या माणसाला आपण झाडाला टांगून आलो. कशासाठी? तर आकडा बघायला. गुंजवणं येईपर्यंत त्याचं ठरलं होतं : आबा नीट होऊ देत, सोमवारी गुपचूप शिरवळला जायचं. झोळी नको, पाहुणे नकोत.

गर्दी त्याला बघून बाजूला झाली. “वारं लागंल!” धोंडाबाई ओरडली, पण स्वरूपने एकेक गाठ सोडली आणि झोळी उघडली.

आबा लालबुंद झाले होते. पांढरे केस घामाने कपाळाला चिकटलेले.

“आबा! काय होतंय?”

“काय व्हायचंय? उकडतंय!”

धोंडाबाईने आपलं पटकूर हळूच काढून घेतलं.

“ह्यो झोका कोन देत व्हतं? आं?” आबांनी नजर फिरवली. गोरख सोनबाच्या मागे सरकला आणि सोनबा गोरखच्या.

स्वरूपला हसू येत होतं आणि रडूही. त्याने आबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आबांनीही सोडवून घेतला नाही.

तोवर शेफाली मॅडम गाडीतून उतरल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली. मग खाली वाकून आबांच्या पाठीखाली हात सरकवला. “पाठीखालूनसुद्धा गरम आहे!”

“बाई, आत मानूस हाय,” आबा म्हणाले. “हात घालायच्या आधी इचारायचं.”

मॅडमच्या हाताला थर्मामीटर लागला. पारा चौतिसावर होता. वाऱ्यात उभ्या असलेल्या मॅडमनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि झोळीकडे अशा नजरेने पाहिलं, की स्वरूपचा सोमवार तिथेच अर्धा टळला.

“चला, आबा, हळूहळू चालत जाऊ,” तो म्हणाला.

“चालत?” आबांनी पाय पुन्हा आत घेतले. “हितं आनताना मला कुनी इचारलं व्हतं का? ज्यांनी आनलं, त्यांनीच माघारी न्यायचं.”

गोरख आणि सोनबाने मुकाट्याने बांबू उचलला. चढ होता.

संध्याकाळी मॅडम उशी घेऊन जांभळीखाली आल्या, तर झोळी भरलेली होती.

“आबा,” स्वरूप कानाशी ओरडला, “रीत झाली की सकाळी!”

“ती झोप न्हवती, त्यो परवास झाला. रीत आता चालू हाय.”

शेवटी मॅडम घरात, चुलीशेजारी, मंगलच्या गोधडीत झोपल्या आणि उन्हं अंगणात येईपर्यंत उठल्या नाहीत. रविवारी निघताना त्यांनी आपल्या गटाला निरोप पाठवला आणि स्वरूपला दाखवला : ‘हॅमॉक फारच ऊबदार आहे. मला मिळाला नाही. आतले गृहस्थ बाहेर यायला तयार नाहीत.’

“पुढच्या शनिवारी दहा जण आणते,” त्या म्हणाल्या. “दहाही झोळ्या अशाच हव्यात.”

खालच्या रस्त्यावर मॅडमची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर स्वरूपच्या तोंडचा आनंद जरा उतरला. “झोळ्या आणीन मी, आई. पण दहा घोंगड्या कुठून आणायच्या?”

“घोंगड्यांचं ऱ्हाऊ दे,” मंगल म्हणाली. “दहा वडील मानसं कुठनं आनायची?”

सोमवारी सकाळी मामाला फोनवर नकार कळवायला, तिथे रेंज मिळते म्हणून, स्वरूप जांभळींकडे आला आणि जागीच थांबला. झाडाखाली वस्तीवरची म्हातारी माणसं बसली होती, प्रत्येकाच्या काखेत आपापली घोंगडी. सगळ्यांत पुढे धोंडाबाई.

“आदी माझं शिव,” तिने घोंगडी त्याच्या हातात दिली. “आन् गोरख्याला सांगून ठिव. मला बी पार एस.टी.पातूर न्यायचं.”