गोदाबाईंचे दार

गरिबी ही पंचांनी पाहिल्याशिवाय खरी मानू नये, हे तत्त्व देवालाही मान्य असावे. नाहीतर त्याने कथेकथेत भक्तांच्या घरी जाऊन परीक्षा कशाला घेतली असती?

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालची ही गोष्ट. (लढाई कोणाकोणात होती हे आमच्या पेठेत कोणालाच ठाऊक नव्हते; ती चालू राहावी म्हणून महादेवाला अभिषेक मात्र नेमाने होत.) पेठ श्रीमंत झाली असे पेठेच्या कमिटीने ठरवले आणि घरपट्टी दुप्पट केली. गोदाबाई देवळाला वाती पुरवून पोट भरत. कापूस विलायतेला निघाला, वातींना उरेना. ज्या तेजीने गोदाबाईंची पट्टी वाढली, त्याच तेजीने त्यांची मिळकत बुडाली. असा समतोल चांगल्या कारभारातच साधतो.

कमिटी निर्दय नव्हती. पट्टी थकली तर घराचे दार उतरवून न्यायचे, एवढाच तिचा नियम. आणि अडलेल्या घरांना तिने सवलतही ठेवली होती. अट एकच, तीन पंचांनी घरी जाऊन गरिबी डोळ्यांनी पाहावी. वकील मोरोपंत, अडत्या खुशालराव आणि कीर्तनात पुढे बसतो म्हणून सचोटीचा समजला जाणारा मी, असे तिघे नेमले गेले. पाहणीची वेळ जेवणाची ठरली. (चूल थंड की गरम, हे इतर वेळी नीट कळत नाही.)

गोदाबाईंनीही अर्ज केला. पाहणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गंगूबाईंनी त्यांना बजावले, "मावशी, उद्या त्यायच्यापुढे भाकर अन् ठेचा ठेवजा. बस."

"काहून? दारात आलेल्या माणसाले कोरडी भाकर वाढू? माह्या घरी?"

"अवं, ते जेवाले नाही, गरिबी पाहाले येऊन राहिले!"

"पाहू दे ना. पण जेवून पाहू दे."

डाळ वाण्याकडून, गूळ गंगूबाईंकडून आणि तूप पुजाऱ्याकडून उसने आले. पोळी अशी झाली की मी तीन खाल्ल्या. मोरोपंतांचा उपास होता. त्यांनी दोनच खाल्ल्या. खुशालराव बोटे चाटत म्हणाले, "बाई, पोळी लय झकास झाली जी!"

"अजून एक घ्या ना जी. देवमाणसं आले माह्या दारात."

हात धुऊन मोरोपंतांनी शेरा लिहिला: 'घरात पुरण आढळले. तूप भरपूर. अर्जदार प्रसन्न.'

"ते उसनं होतं जी," गोदाबाई म्हणाल्या.

"बाई, उसने ज्याला मिळते त्याची गावात पत असते," मोरोपंत समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि पत असलेला माणूस गरीब कसा?"

गोदाबाई उष्टी पाने उचलू लागल्या. पेठेत अर्ज सतरा आले, सतरा घरी पाहणी झाली, पाने एक्कावन्न वाढली गेली. गरीब आढळले शून्य. कमिटीने स्वतःचे अभिनंदन केले. सवलतीचा निधी शिल्लक उरला, त्यात पौषातल्या एकादशीला तिसऱ्या प्रहरी कीर्तन ठेवले.

कीर्तनाला बुवा फार थोर मिळाले. ते उंचावर दिसावेत म्हणून कापसाच्या दोन गाठींवर गोदाबाईंचे दार आडवे टाकले होते. सागाचे, भक्कम; बुवा त्यावर मनसोक्त नाचले. आख्यान होते एका गरीब म्हातारीचे. देव तिच्याकडे पाहुणा येतो, ती उसनवारी करून त्याला जेवू घालते आणि देव तिचे घर सोन्याचे करतो. सारा मंडप रडला. खुशालराव उपरण्याने डोळे पुसत होते. मला तर हुंदका आवरेना.

आरतीला वात कमी पडली. सर्वांत मागे बसलेल्या गोदाबाईंनी पदरातून एक काढून पुढे धाडली. (रजई उसवून कापूस काढला होता, असे गंगूबाई म्हणाल्या. बिनदाराच्या घरात रजई उसवणे हे थंडीत शहाणपणाचे नव्हे.)

त्या ज्योतीकडे पाहताना मला अगदी पोटातून वाटले की ते दार आजच परत नेऊन बसवावे. पण दार जड. उचलायला चौघे लागतात आणि पंच आम्ही तीनच. वाचकहो, डोळे तुमचेही पाणावलेले दिसतात, म्हणजे चौथे मिळाले म्हणायचे. पण उठू नका. बसा. आरती चालू आहे. मधेच उठणे बरे दिसत नाही.