या आठवड्यात घराबाहेर कोण?

पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, टीव्हीचं ऐकतात, आणि यात पोरांची काडीचीही चूक नाही. टीव्हीनं आजवर एकाही पोराला 'दात घासलेस का?' म्हणून विचारलेलं नाही. (पेस्ट विकतो, पण विचारत नाही. मोठं मन लागतं त्याला.)

आमच्या घरात शंभर टक्के माणसं टीव्ही बघतात. मुलगा सोफ्यावर बसून, नातवंडं फरशीवर लोळून, सून 'मला कुठला बाई वेळ' म्हणत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आणि मी खिडकीजवळच्या माझ्या पलंगावर डोळे मिटून. (याला घरचे घोरणं म्हणतात. जन्मभर वेल्डिंग केलं, डोळ्यांना एवढी सवलत पाहिजे.)

टीव्हीनं पोरांना जगाचं पक्कं ज्ञान दिलंय. श्रीमंत बायका दागिने घालूनच झोपतात. डॉक्टरनं चष्मा काढला की माणूस गेला. (दाताच्या डॉक्टरनं नुसता पुसायला काढला, तर धाकट्या नातवानं खुर्चीतच हंबरडा फोडला.) आणि माणसं एका घरात राहत असली, की दर रविवारी त्यातलं एक मतदान करून बाहेर काढायचं.

हे शेवटचं ज्ञान फार कामाचं निघालं. सुनेचा मावसभाऊ दोन दिवसांसाठी आला होता, तो महिना झाला तरी हलेना. तोंडावर सांगणार कोण? पोरांनी मतदान घेतलं. गडी हरला. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडला, 'इथला प्रवास विसरणार नाही' म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलासुद्धा. मुलानं खूश होऊन पोरांना आइस्क्रीम आणलं. झालं, पद्धत मंजूर झाली.

पुढच्या रविवारी पाहुणा शिल्लक नव्हता. तेव्हा सदर घरातले आजोबा, म्हणजे अस्मादिक, यांचं नाव आलं. आरोप असे: रिमोट उशीखाली ठेवतो, खुनी कोण ते आधीच सांगतो, आणि खिडकीची जागा अडवतो.

"अगं, पण मी जाऊ कुठं?" मी नातीला विचारलं. ती तेरा वर्षांची, आमची सूत्रसंचालक.

"आत्याकडे. तिच्याकडे टीव्ही मोठाय."

"चौथा मजला आहे तो! लिफ्ट नाही. माझे गुडघे..."

"आजोबा, थांबा ना, आत्ताच नका रडू. कॅमेरा लावू दे."

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "बाबा, पोरांचा खेळ आहे, मनाला काय लावून घेता?" आणि माझी बॅग माळ्यावरून काढून झटकायला लागला.

मत न्हाणीघरात द्यायचं. मोबाइल साबणाच्या जागी उभा, कडी लावायची आणि त्याच्याकडे बघून नाव सांगायचं. (दरम्यान धाकट्याला खरोखरची लागली होती. नियमात तशी सोय नव्हती.) मुलगा आत गेला. दाराआडून स्पष्ट ऐकू आलं, "बाबांवर माझा फार जीव आहे, पण खेळ म्हणजे खेळ."

धाकट्यानं मला मत दिलं, कारण पलंग त्याला मिळणार होता. मी मुलाला दिलं. (तत्त्व म्हणून.) सून आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. आली आणि शांतपणे भांडी घासायला बसली.

निकालाच्या वेळी नात मध्येच थांबली. एवढी थांबली, की धाकट्यानं साबणाची जाहिरात म्हणून घेतली. मग ती म्हणाली, "आजोबांना दोन मतं. आणि बाबांना दोन."

"मला दोन?" मुलगा ओरडला. "दुसरं कुणाचं?"

"ओला टावेल पलंगावर टाकणारा माणूस मला बघवत नाही," सून आतून म्हणाली. "बाबा नुसते घोरतात."

आता सूत्रसंचालकाला मत नसतं. तेव्हा नातीनं जाहीर केलं, की निर्णय प्रेक्षक देतील. दारात दोन बॅगा भरून ठेवल्यात आणि आम्ही बापलेक आपापल्या बॅगेवर बसलोय.

प्रेक्षक म्हणजे तुम्ही. तुम्ही भली माणसं, तुम्हाला म्हाताऱ्याची दया आली असणार. पण खरं सांगा, दोघंही घरातच राहिले, सगळ्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले, तर चालेल तुम्हाला?

बघा. तोंड पडलं तुमचं. आणि म्हणे पोरं बिघडली.