जोडीनेच प्रवेश

भाजीवाल्याच्या पिवळ्या बल्बखाली रामदास आप्पांनी आयुष्यात एकही टोमॅटो विकत घेतलेला नाही. पांडेसरा या गिरण्यांच्या भागातील एका रंगाईच्या मिलमध्ये ते कलर मास्टर होते. रंगवलेले कापड पसंत की नापसंत हे तेथे ट्यूबलाइटखाली ठरवत नाहीत. ते खिडकीशी नेऊन, दिवसाच्या उजेडात नमुन्याशी ताडून पाहतात. आप्पा निवृत्त झाले, मिल सुटली. खिडकी मात्र सुटली नाही. शेजारच्या देवऱ्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी दंडाला धरून खिडकीत उभे केले, एकदा वळवून पाहिले आणि आपल्या अहिराणीत जाहीर केले, "पास! जरा फिका शे, पन धुवावर टिकी."

अशा माणसाविषयी आमच्या सोसायटीत सध्या दोन कथा सांगितल्या जातात. देवरे सांगतात, आप्पा फितूर झाले. पाटीलवहिनी सांगतात, म्हातारा चळला. दोन्ही कथा धादांत खोट्या आहेत. हे दोघेही आप्पांबरोबर गेले नव्हते, मी गेलो होतो. शिवाय ज्यावरून हे सारे झाले तो अर्ज माझ्या अक्षरात आहे, आणि मराठी शाळेत पस्तीस वर्षे शिकवलेल्या माणसाचे अक्षर खोटे बोलत नाही.

झाले ते असे. सोसायटीसमोरच्या साड्यांच्या जुन्या गोदामात जिग्नेशभाई नावाच्या गृहस्थाने नाचघर काढले. दारू नाही, पण तोंडावर मुखवटे, मंद दिवे आणि दारावर पाटी : 'फक्त प्रौढांसाठी. जोडीनेच प्रवेश.' सोसायटी खवळली. विरोध समिती स्थापन झाली, आप्पा अध्यक्ष झाले आणि मी अर्ज लिहायला बसलो. सर्वांनी ठरवले की पहिली सही अध्यक्षांची. आप्पांनी पेन बाजूला ठेवले.

"गुरुजी, माल न पाहता रिजेक्ट कसा करानं?"

म्हणून आम्ही दोघे भर दुपारी पाहणीला गेलो. जिग्नेशभाईने हसून दार उघडले. "आवो काका, दिवसे जोई लो! उजेडातच पाहून घ्या!"

आत कोणी नव्हते. आप्पांनी एक निळा मुखवटा उचलला, बाहेर उन्हात नेला, बोटाला थुंकी लावून घासला आणि बोट जिग्नेशभाईच्या नाकापुढे धरले. "कच्चा रंग. घाम येताच तुमची सारी गिऱ्हाइके निळी होऊन घरी जातील."

जिग्नेशभाईचा चेहरा पडला. देवरे ज्याला फितुरी म्हणतात, ती एवढीच. निघताना आप्पा पाटीपाशी थबकले.

"एकटा माणूस आला तर?"

"नियम छे, काका. जोडीनेच."

आप्पांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

संध्याकाळी समितीपुढे मी अर्ज वाचला. शेवटी आप्पा म्हणाले, "आणखी एक हरकत लिहा, गुरुजी. एकट्या माणसाला प्रवेश नाकारणे अन्यायाचे आहे."

पाटीलवहिनींच्या हातातली बशी कलंडली. देवरे उभेच राहिले. "आप्पा, आपल्याला ते बंद करायचे आहे! तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी एकला मानूसना बाजूले शे."

"या वयात नाचायचे आहे का तुम्हाला?"

"लगीनमा बँडपुढे नाचतस तवय वय कोन इचारस?" आप्पा गरजले. आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "सात वाजता जेवस, आठ वाजता भांडं धुवस. त्याना मांगे एकला मानूसनी कोठे जावानं?"

त्या कलमासह सही करायला समिती तयार नव्हती आणि त्या कलमावाचून आप्पा तयार नव्हते. अर्ज आजही माझ्या कपाटात आहे. शंका असेल त्याने येऊन पाहावा.

आता राहिला शनिवार. आम्ही दोघे नाचघरात गेलो हे खरे आहे. चोरून गेलो हे खोटे आहे. आठ वाजता, समोरच्या दाराने, इस्त्रीचे सदरे घालून गेलो. माझ्या सौभाग्यवतीने स्वतः सांगितले होते, "जा हो, त्यांना एकटे पाठवू नका."

दारावर जिग्नेशभाईने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काका, जोडी?"

"जोडीच आहे," मी म्हणालो. "पाटीवर स्त्री-पुरुष असे लिहिलेले नाही. मी शिक्षक आहे. पाटी नीट वाचतो."

तो बाजूला झाला.

आत ढोल वाजू लागला, तसे आप्पा मधोमध जाऊन उभे राहिले. पण पाय उचलेनात. मग त्यांनी खिशातून एक मोठा, घडी केलेला रुमाल काढला, झटकला आणि त्याचे एक टोक माझ्यापुढे धरले.

"लगीनमा हे टोक सुमन धरे," ते म्हणाले.

मला नाचता येत नाही, एवढा एकच आरोप मी मान्य करतो. मी ते टोक घट्ट धरले.