दाढ आणि दाद

मैना अभ्यासाला बसली की घरातली बाकीची माणसं उठायची. नुसतं वाचून तिच्या काही लक्षात राहत नसे. समोर माणूस बसवून त्याला समजावून सांगितलं, तरच ते तिच्या डोक्यात शिरे. शाळेत असेपर्यंत हे खपून गेलं. बेडकाची पचनसंस्था माणूस एकवेळ ऐकून घेतो. पण आता ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती. एकानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई कुणी द्यायची आणि का, याचा टॉर्ट नावाचा जो कायदा असतो, तो ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. वडील झाडांना इतक्या वेळा पाणी घालू लागले की कुंड्यांतली मुळं सडायला आली. आजोबा ती दिसली की कानातलं यंत्र काढून खिशात टाकत. थोरल्या भावानं एक प्रकरण पुरतं ऐकलं आणि तो मित्राकडे राहायला गेला.

सहामाहीला टॉर्टमध्ये ती सपशेल आपटली होती. आता वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली होती आणि याही वेळी आपटली तर वर्ष हातचं जाणार होतं.

तिची आई दातांची डॉक्टर. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर. मैना एकदा कपाटाची किल्ली मागायला खाली गेली, तर बाहेरच्या खोलीत माणसं गाल धरून ओळीनं बसलेली. आतून यंत्राचा घुर्र आवाज येत होता. कुणी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतं आणि नंबर सोडून उठून जायची कुणाची तयारी नव्हती. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, मैनाला तर अख्खा वर्ग मिळाला. ती वर जाऊन पुस्तक घेऊन आली.

पहिल्या दिवशी तिनं हलगर्जीपणा शिकवला. लोकांना तो आवडला. यंत्राच्या आवाजाकडे लक्ष जाण्यापेक्षा कुणाच्या तरी डोक्यात कुंडी पडल्याची हकिकत केव्हाही बरी. शेजारच्या इमारतीतले तळमजल्यावरचे बेकरीवाले आणि त्यांच्याच डोक्यावर राहणाऱ्या गाण्याच्या बाई तर एकाच बाकावर बसून माना डोलवत होते. कोपऱ्यात मफलर बांधलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचा गाल एवढा सुजला होता की तोंड बोटभरही उघडत नव्हतं. सूज उतरल्याशिवाय दाढ काढता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज दाखवायला बोलावलं होतं. ते एकटक मैनाकडे बघत आणि अधूनमधून "हूं हूं" करत. इतका रंगून ऐकणारा माणूस मैनाला जन्मात भेटला नव्हता.

परिणाम आतल्या खोलीत दिसू लागला. बेकरीवाले खुर्चीवर आडवे झाले आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"आ करा," डॉक्टर म्हणाल्या.

"करतो. पण माझी काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य आहे, हे आधी मान्य करा."

"मान्य. आ करा."

"आणि कर्तव्यभंग झाला तर?"

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात आरसा घातला, म्हणून तो खटला तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी मैनानं संमतीचं प्रकरण घेतलं. त्यात, जो राजीखुशीनं तयार झाला त्याला मागून तक्रार करता येत नाही, अशा अर्थाचं 'व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया' हे लॅटिन वचन आलं. एका आजीबाईंनी ते औषधाचं नाव समजून सोपं करून घेतलं आणि वोलंटी जेवणाआधी घ्यायची की नंतर, असं आत जाऊन विचारलं. एका तरुणानं आपण आ केला तो फक्त बघण्यापुरता, त्यात यंत्र चालवण्याची संमती धरू नये, असं बजावलं. संध्याकाळपर्यंत निम्मे दात जागच्या जागी राहिले.

जेवताना आईनं मैनाला चांगलंच फैलावर घेतलं. मैनानं ऐकून घेतलं आणि दोनच प्रकरणं राहिलीत म्हणून गयावया केली. पोरीचं वर्ष जाण्यापेक्षा चार दात उशिरा भरलेले परवडले, असा विचार करून आई गप्प बसली. ही चूक तिला महागात पडली, कारण पुढचं प्रकरण उपद्रवाचं होतं.

शेजाऱ्याच्या आवाजाचा, वासाचा, धुराचा त्रास झाला तर दाद मागता येते, एवढं मैनानं सांगितलं मात्र, आणि गाण्याच्या बाई ताठ बसल्या. खाली मैदा मळायचं यंत्र पहाटे धडधडतं आणि आपल्याला झोप म्हणून लागत नाही, असं त्यांनी भर खोलीत मांडलं. मैनानं विचारलं, आधी कोण राहायला आलं? बेकरी आधीची होती.

"मग संपलं," मैना म्हणाली. "जो आधीपासून आहे, त्याला नंतर आलेल्यानं बोलायचं नाही. असा नियम आहे."

कोपऱ्यातले गृहस्थ अर्धे उठले, दोन्ही हात हलवले आणि "हूं हूं हूं" असं जोरात केलं. "बघा, काकांनासुद्धा पटलं," मैना म्हणाली.

बेकरीवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. कायदाच पाठीशी म्हटल्यावर त्यांनी यंत्र आणखी लवकर सुरू केलं. लवकर उठल्यामुळे त्यांना दुपारी झोप येऊ लागली. नेमका तेव्हा वर गाण्याचा क्लास भरे. ते तक्रार करायला वर गेले, तर बाईंनी दारातच विचारलं की माझा क्लास जुना की तुमची दुपारची झोप? ते आल्या पावली खाली उतरले. त्या दुपारी बाईंनी मुलांना वरच्या पट्टीत गायला लावलं.

बातमी गल्लीभर झाली. कुणाचा कुत्रा आधीचा आणि कुणाचं तान्हं मूल नंतरचं, याच्या चौकशा सुरू झाल्या. ज्यांचे दात ठणठणीत होते तेही निवाडा मागायला दवाखान्यात येऊन बसू लागले आणि ज्यांचे दुखत होते त्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बेकरीवाले आणि गाण्याच्या बाई समोरासमोर बसले होते. दोघांचेही डोळे जागरणानं लाल. मैना उजळणी घेत होती. तेवढ्यात आतलं दार उघडून ते वयस्क गृहस्थ बाहेर आले. सूज उतरली होती, दाढ निघाली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. ते सरळ मैनासमोर आले आणि त्यांनी बोळा काढून हातात घेतला.

"उलटं आहे," ते म्हणाले.

"काय उलटं, काका?"

"सगळं. मी आधी आलो म्हणून दुसऱ्याला त्रास देईन, असं म्हणता येत नाही. नंतर आलेल्यालाही दाद मागता येते. तीन दिवस सांगतोय मी तुला."

"पण तुम्ही तर हूं हूं म्हणत होता."

"नाही नाही म्हणत होतो. जबडा उघडत नव्हता."

ते निवृत्त न्यायाधीश आहेत हे कळल्यावर बेकरीवाल्यांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. मैनाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. उद्या पेपर, आणि इतक्या दिवसांत आणखी काय काय उलटं शिकवलंय कुणास ठाऊक. न्यायाधीशांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पण दुसरा बोलायला लागला की मैनाच्या कानांना आपोआप टाळं लागे. ती नुसती टकमक बघत राहिली.

सोडवणूक आईनं केली. ती बाहेर आली, तिनं नवा बोळा त्यांच्या दाढेच्या जागी कोंबला आणि सांगितलं, "अर्धा तास दाबून धरायचा. एक शब्द बोलायचा नाही."

न्यायाधीशांचा निरुपाय झाला. ते खुर्चीत बसले आणि मैनाला बोटानं खूण केली, तू बोल. मैना बोलू लागली. बरोबर असलं की ते मान हलवत, चुकलं की चष्म्याची डबी खुर्चीच्या हातावर आपटत. मग ती वाक्य फिरवून बघे, पुन्हा डबी आपटे, पुन्हा फिरवी आणि शेवटी मान हले. मान हलली की खोलीभर लोक सुटकेचा श्वास सोडत. नंबर पुकारला तरी आत जायला कुणी तयार नव्हतं. गाण्याच्या बाईंनी आपला नंबर बेकरीवाल्यांना देऊ केला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. दोघांनाही एकमेकांवर दावा लावता येतो हे एव्हाना दोघांना कळलं होतं. जाताना यंत्र उजाडल्यावर लावायचं आणि क्लास संध्याकाळी घ्यायचा, असं त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवून टाकलं.

अर्धा तास होऊन गेल्यावर डॉक्टरांनी येऊन बघितलं. रक्त केव्हाच थांबलं होतं. न्यायाधीशांनी जुना बोळा टाकला, स्वतःच्या हातानं नवा घेतला, तोंडात धरला आणि मैनाला पुढे चालू ठेवायची खूण केली.

पेपर झकास गेला. मैना उड्या मारत घरी आली. पर्यवेक्षक जांभया देत होते, त्यांच्या तोंडाकडे बघत बघत सगळं लिहून काढलं, असं तिनं वडिलांना, आजोबांना आणि झाडांनाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखाना उघडायला खाली आल्या, तर न्यायाधीश पायरीवर बसलेले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, गाल अगदी सपाट. डॉक्टर घाबरल्या. दुखतंय का, ताप आलाय का, त्यांनी विचारलं. तसं काही नव्हतं. घरी बोलायला कुणी नसतं असं काहीतरी ते पुटपुटले, आणि मग त्यांनी मैनाचा करार कायद्याचा पेपर कधी आहे ते विचारलं. अजून आठ दिवस होते.

"मग आज काय दाखवायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. "कोणती दाढ?"

न्यायाधीशांनी थोडा विचार केला.

"तुम्हीच बघा," ते म्हणाले. "आठ दिवस पुरेल अशी एखादी."