मॅनेजरांचा रुसवा

रुसलेला माणूस कसा मनवायचा, हे अख्ख्या निरगुडसरात चांगदेवाइतकं कुणाला कळत नव्हतं. असं चांगदेवच सांगायचा, आणि अगदीच उगाच नाही. मांडवाबाहेर जाऊन बसलेला नवरदेवाचा मामा, आहेरातला टॉवेल पातळ निघाला म्हणून उपाशी निघालेली आत्या, अंगठीवर अडून बसलेला जावई, असले कितीतरी नमुने त्यानं हाताला धरून पंगतीत आणून बसवले होते. त्याचं औषध एकच. मान कमी पडलेला असतो, तो दुप्पट करायचा. माणूस आपोआप ताटावर येतो.

त्यामुळे सेमी-फायनल जिंकल्यावर गावच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर हौशीराम सर डोळ्यांतला गुलाल पुसत शांतपणे म्हणाले, "चांगदेवराव, फायनल झाली की मला मोकळं करा," तेव्हा हलगी थांबली, पोरं रडकुंडीला आली, पण चांगदेवानं नुसता मिशीवरून हात फिरवला.

"माझ्यावर सोडा," तो म्हणाला.

हे हौशीराम सर मूळचे पेठचे. नोकरी सगळी खडकीच्या कारखान्यात गेली, तिथल्याच संघात ते बचावाला खेळायचे. निवृत्त होऊन गावी आले आणि कुणाच्या तरी ओळखीनं निरगुडसरच्या पोरांना शिकवायला लागले. तोवर आमची पोरं फुटबॉल खेळायची म्हणजे बॉल जिकडे जाईल तिकडे अकराच्या अकरा धावायची, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशी. सरांनी त्यांना जागा धरून उभं राहायला शिकवलं. "मागचा माणूस पुढं गेला की घात झाला," हे वाक्य पोरं झोपेतही बडबडायची. बघता बघता संघ जिंकायला लागला. सरांना कोच म्हटलेलं पोरांना चालेना. मोबाईलवर परदेशातले सामने बघून त्यांना कळलं होतं, की खऱ्या क्लबला मॅनेजर असतो.

आणि गाव मॅनेजरांच्या प्रेमात पडलं. आता आमच्याकडं प्रेम करायची रीत एकच, बैलगाडा शर्यतीत पहिल्या आलेल्या गाड्याच्या मालकावर करतात ती. गुलाल, हलगी, फेटा, शाल, खांद्यावर मिरवणूक आणि तोंडात अख्खा पेढा. सामना संपला रे संपला, की सर जमिनीवर दिसायचेच नाहीत. एकदा खांदे देणाऱ्यांत उंचीचा घोळ झाला आणि सर थेट ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यावर उतरले. पुढचे काही दिवस ते वाकडे चालायचे, तर पोरांनी तीही मॅनेजरांची ढब समजून तशीच चालायला सुरुवात केली.

घरी त्याची बायको आरती मेथी निवडत बसली होती. चांगदेवानं तिला निदान ऐकवलं. मागच्या सत्काराला सरांची शाल पाहुण्यांच्या शालीपेक्षा हलकी होती. फ्लेक्सवर त्यांचा फोटो सरपंचांच्या भाच्याच्या खाली होता. दुसरं काय असणार?

"तुम्ही त्यांना विचारलंत का?" आरती म्हणाली.

"रुसलेल्या माणसाला विचारत नसत्यात. विचारलं की तो 'काय न्हाई' म्हणतो. काय न्हाई म्हणजे लई आहे."

"त्यांनी परवा पेढा तोंडातनं काढून हळूच खिशात टाकला. मी पाहिलं."

"घरी नातवाला नेला असंल. मोठा माणूस आहे."

आरतीनं मेथीची काडी मोडली आणि पुढं बोलायचं सोडून दिलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बाईला कळतं, की कुठल्या वेळी गप्प बसलं म्हणजे पुढं जास्त मजा येते.

फायनल ओतूरला होती, ओतूरच्याच संघाशी, दुपारी चार वाजता. बेत असा ठरला. पोरांनी पिकअपमधून सरळ मैदानावर जायचं. चांगदेवानं पेठला जाऊन सरांना झेंडूनं सजवलेल्या उघड्या जीपमधून, वाटेत गावोगाव सत्कार घेत, थेट मैदानात उतरवायचं. एवढा मान बघितल्यावर कुठला मॅनेजर सोडून जाईल? त्यानं नातेवाईक, मित्र, बैलगाडा मालक अशा सगळ्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज सोडला. साहेब येत आहेत, जंगी स्वागत करा. कोण साहेब ते लिहायचं राहून गेलं. त्याला वाटलं, साहेब एकच आहेत.

जीप गेणभाऊ चालवत होता, मागच्या सीटवर आरती बसली होती. मागं टेम्पोत हलगीवाले. मंचरच्या अलीकडं गेणभाऊ म्हणाला, की बायपासनं जाऊ, वेळ वाचंल. चांगदेवानं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"गेणभाऊ, बायपासला माणसं असत्यात का? बायपासनं गेलेल्या माणसाचा आजवर कुणी सत्कार केलाय?"

पेठला निघतानाच सरांना गुलाबी फेटा बांधला होता. मंचरला भगवा आला. आता पहिला काढला तर पेठवाल्यांचा अपमान, आणि दुसरा नाही म्हटलं तर मंचरवाल्यांचा. म्हणून गुलाबीवर भगवा बांधला. कळंबला हिरवा. सरांचं डोकं कांद्याच्या चाळीतल्या भरल्या पोत्याएवढं झालं आणि कान कुठं गेले ते त्यांनाही सांगता येईना. अंगावर शाली चढत होत्या. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि सर काश्मीरला निघाल्यासारखे गुंडाळून बसले होते. दर गावाला पेढा. आरती मागच्या सीटवरून हळूच हात पुढं करायची आणि सर पेढा तिच्या तळहातावर सोडायचे. तिच्या पिशवीत मिठाईचं दुकान भरत चाललं होतं.

"चांगदेवराव, सामना चारला आहे," सर मधूनमधून म्हणायचे.

"सर, तुमच्याशिवाय सुरू व्हायची कुणाची छाती आहे का?"

नारायणगावात मात्र बेताला भलतंच वळण लागलं. निवडणुका तोंडावर होत्या. तो मेसेज कुठून कुठं फिरला देव जाणे, पण चौकात दोन-चारशे माणूस उभं होतं, आणि तीन रंगांचा फेटा घातलेला, शालीत बुडालेला, हलगीच्या तालावर येणारा माणूस उमेदवाराशिवाय दुसरा कोण असणार? जीपला वेढा पडला. कुणी रस्त्याचं गाऱ्हाणं घातलं, कुणी लाईटीचं. साळुबाई नावाची एक म्हातारी तर जीपच्या पायरीवरच चढली.

"साहेब, बिबट्या रोज येतोय वस्तीवर. माझ्या दोन शेळ्या नेल्या. पिंजरा कवा देता ते सांगा, मग जावा."

दुसरा कुणी असता तर 'बघतो' म्हणून हात जोडून मोकळा झाला असता. पण सर पडले ऐकून घेणारे. त्यांनी फेटा कानावरून थोडा वर सरकवला आणि विचारलं, की येतो कुठल्या बाजूनं? ऊस कुठं आहे? शेळ्या कुठं बांधता? साळुबाईनं सगळं सांगितलं. सरांनी जीपच्या धुळीवर बोटानं वस्तीचा नकाशा काढला.

"पिंजरा वनखात्याकडं मागा, तो मला देता येत नाही. पण तोवर शेळ्या मधे घ्या. कुत्री दोन्ही बाजूंना. आणि एक माणूस कायम मागं राहू द्या. काही झालं तरी मागचा माणूस पुढं आला नाही पाहिजे. तो पुढं आला की घात झाला."

साळुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे साहेब आले, नीट इचारून घेणारा ह्योच, असं ती चौकाला ओरडून सांगायला लागली. झालं. ज्याला बिबट्याचा त्रास नव्हता तोही रांगेत उभा राहिला.

तिकडं ओतूरहून संघाचा कप्तान आदेश फोनवर फोन करत होता. पहिल्यांदा म्हणाला, काका, सुरू व्हायला आलं. चांगदेव म्हणाला, आलोच. मग म्हणाला, काका, मैदानात उतरतोय. चांगदेव म्हणाला, आलोच. मग पुन्हा फोन आला, तेव्हा पलीकडं नुसता आरडाओरडा होता.

"काका, हाफ टाईम. एक शून्यानं पुढंय आपण."

"सर नसताना?" चांगदेवाला जरा लागलंच.

"सरांनी सांगितलंय तसंच खेळतोय. जागा सोडत नाही."

सरांनी हे ऐकलं आणि शालीतून हात जोडून म्हणाले, "गेणभाऊ, आता तरी बायपास घ्या."

ओतूरच्या मैदानावर जीप पोचली तेव्हा शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि निरगुडसर दोन शून्यानं पुढं होतं. काहीही न करता गपचूप आत गेलो असतो तर चषक आपलाच होता, हे चांगदेवाला आजही मान्य आहे. पण एवढ्या लांबून आणलेली हलगी मुकी ठेवायची? त्यानं हात वर केला. हलगी कडाडली. गुलालाचा लाल ढग उठला. आणि त्या ढगातून, जीपमध्ये उभे, साक्षात मॅनेजर.

मैदानावरच्या पोरांनी सरांना पाहिलं. गुरू आले, आणि पाया पडायचं नाही? आपल्याकडं असं कुणाला शिकवलेलं नाही. आदेश पहिला धावला. त्याच्यामागं बाकीचे. शेवटी गोलकीपर स्वराजही गोल सोडून निघाला, कारण मान त्याचाही होताच.

ओतूरचा संयम, कापडवाल्या मदनलालशेठांचा नातू, बॉल पायात घेऊन एकटाच उभा राहिला. चांगल्या वळणाचं पोर. त्यानं रेफरीला विचारलं, "सर, खेळ चालू आहे ना?" रेफरीनं हातातल्या शिट्टीकडं पाहिलं. ती वाजलेली नव्हती. "चालूच आहे," तो म्हणाला.

जीपमधून सर जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "मागं! अरे, मागं राहा!" हलगीत ते कुणाला नीट ऐकू आलं नाही. चांगदेवानं एवढंच पाहिलं, की सर हातानं मागं मागं करतायत. त्यानं गर्दीला दटावलं, सरांना वारा येऊ द्या, मागं सरका. गर्दी अदबीनं मागं सरकली. पोरांना पाया पडायला ऐसपैस जागा झाली. आणि संयमनं चालत जाऊन, अगदी संकोचानं, बॉल गोलात ठेवला.

खेळ मधून पुन्हा सुरू झाला, तरी निम्मी पोरं सरांच्या पायाशीच; ती जागेवर पोचेपर्यंत दुसरा गोल झाला. तिसरा गोल पडला तेव्हा पोरं जागेवर होती, पण डोळ्यांत गुलाल होता.

मैदान रिकामं झाल्यावर सर जीपच्या पायरीवर बसले. त्यांनी हिरवा फेटा सोडला, मग भगवा, मग गुलाबी. आतून घामानं भिजलेलं, लहान मुलासारखं टक्कल बाहेर आलं. चांगदेव समोर उभा होता.

"सर, एवढं सांगा. मान कुठं कमी पडला?"

"कमी? चांगदेवराव, मला साखर आहे. डॉक्टरांनी पेढा बंद केलाय. कमरेनं त्या ठिबकवर पडल्यापासून दगा दिलाय. आणि आजवर एका सामन्याला मला बसायला खुर्ची मिळालेली नाही. खुर्च्यांवर पाहुणे असतात. पोरं आज दोन शून्यानं पुढं होती. मी शिकवलेलं सगळं करत होती. आणि मी बिबट्या बघत होतो."

"मी म्हटलं होतं, विचारा," आरती म्हणाली. तेवढंच. पण चांगदेवाला ते तीन गोलांपेक्षा जास्त लागलं.

शेवटी आरतीनंच तोड काढली. सरांनी आणखी एका सामन्याला यावं. गुलाल नाही, हलगी नाही, शाल नाही, पेढा नाही. फक्त एक खुर्ची. नाही पटलं तर खुशाल जावं. सरांनी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि हो म्हणाले. चांगदेवानं मारुतीची शपथ घेतली.

तो सामना निरगुडसरलाच झाला, पुन्हा ओतूरशी. असा मिळालेला चषक घरात ठेवायला बरं वाटेना म्हणून मदनलालशेठनीच हा सामना मागून घेतला होता. रेषेजवळ खुर्ची मांडली होती. साधीच, प्लास्टिकची. फक्त पाठीवर 'हौशीराम सरांना सप्रेम भेट' असं लिहून खाली देणाऱ्यांची नावं रंगवली होती, आणि पाठीवर न मावलेली हातांवरून फिरून बुडाखाली गेली होती. सर बसले. सगळा गाव त्यांच्यामागं हात मागं बांधून उभा राहिला, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा.

स्वराजनं एकदाही गोल सोडला नाही. आदेशनं डोक्यानं गोल केला, तेव्हा गावाच्या घशापर्यंत आरोळी आली आणि गावानं ती गिळली. सरांनी मागं वळून पाहिलं. कुणी हललं नाही. चांगदेवानं तर डोळेच मिटून घेतले होते.

सामना जिंकला. शिट्टी वाजली. पोरं जागच्या जागी उभी राहिली, लोक जागच्या जागी उभे राहिले. कुठंतरी एक म्हैस ओरडली, ती स्पष्ट ऐकू आली.

सर खुर्चीत थोडा वेळ बसून राहिले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. घसा खाकरला. मग टकलावरून हात फिरवत, कुणाकडंच न बघता म्हणाले,

"तो गुलाबी फेटा कुणी आणलाय का? नाही म्हणजे, ऊन फार लागतंय."

आरतीनं पिशवीत हात घातला. ऊन केव्हाच डोंगराआड गेलं होतं.